व्यंकटरावांची हाव

माझे साडू व्यंकटराव नांदेडहून मोटारसायकलवर आमच्याकडे लातूरला यायचे, तेव्हा उतरल्यावर आधी रामराम नाही की पाणी मागणं नाही. गाडी स्टँडला लावायची, कानटोपी काढायची, दोन्ही तळव्यांनी दोन्ही कान खसाखसा चोळायचे आणि फाटकातूनच म्हणायचं, "काही खरं न्हाई भाऊ. आजबी लई मारलं."

पहिल्या खेपेला हे ऐकून आमच्या शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर काठी घेऊन बाहेर आले होते. त्यांना वाटलं, अहमदपूरच्या अलीकडं कुणी पाहुण्यांना अडवून हाणलं. कुणी मारलं, किती जण होते, पोलिसांत गेलात का, अशी त्यांनी रीतसर चौकशी केली. व्यंकटरावांनी गंभीरपणे सांगितलं, "वाऱ्यानं." पोस्टमास्तर काठी टेकत आत गेले, ते पुन्हा कधी आमच्या पाहुण्यांच्या मदतीला आले नाहीत.

तर हा वारा. व्यंकटरावांनी गाडीच्या हँडलवर एक मोठी काच बसवून घेतली होती. काच म्हणायची, होती प्लास्टिकचीच. समोरचा वारा अडवायचा एवढाच तिचा धर्म, आणि तो ती इमानानं पाळायची. छातीला झुळूकसुद्धा लागत नसे. पण अडवलेला वारा काही घरी परत जात नाही. तो काचेवरून वर चढायचा, वरच्या कडेवरून अलीकडं उडी घ्यायचा आणि तिथं भोवरा करून नेमका व्यंकटरावांच्या कानशिलात बसायचा. एक डाव्या कानाखाली, एक उजव्या. गाडीनं जरा वेग घेतला की मान डुगडुगायची आणि कानात ताशा सुरू व्हायचा. काच काढून ठेवली तर वारा सगळ्या अंगावर धावून यायचा, काच लावली तर एकटं डोकं धरून मारायचा. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी अवस्था.

साडू हे नातं तसं गमतीचं. रक्ताचं नाही, गावचं नाही. दोन परक्या पुरुषांनी एकाच घरच्या मुली केल्या, एवढाच संबंध. ते जिवंत राहतं सासुरवाडीच्या जिवावर. दोघांनी मिळून सासऱ्याची टिंगल करायची, धोंड्याच्या महिन्यात दुसऱ्याला काय मिळालं ते तिरक्या नजरेनं बघायचं आणि आपल्याला कमी मिळालं म्हणून रुसायचं. आमची सासुरवाडी किल्लारीच्या बाजूला होती. भूकंपाच्या त्या पहाटे ती राहिली नाही. सासू, सासरे, मेव्हणा आणि गणपतीसाठी माहेरी गेलेली व्यंकटरावांची बायको सुमन, सगळे एकाच घरात होते. आम्ही उरलो सासुरवाडी नसलेले दोन जावई. रुसायचं तर कुणावर रुसायचं. व्यंकटरावांची पोरगी शुभांगी तेव्हा दीड वर्षाची होती. ती वाचली, कारण तिला सर्दी झाली होती आणि मोटारसायकलवर वारा लागू नये म्हणून सुमननं तिला दोन दिवसांसाठी आमच्याकडं ठेवलं होतं. माझी बायको कमल ही सुमनची थोरली बहीण. हे सांगताना मला अजून जड जातं, म्हणून एका दमात सांगून टाकलं. आता परत काचेकडं येतो.

व्यंकटराव नांदेडच्या एका शाळेत चित्रकलेचे शिक्षक. त्यामुळं कुठलीही गोष्ट ते आधी कागदावर काढणार, मग पुठ्ठ्यात कापणार आणि मग खऱ्या वस्तूचा जीव घेणार. पहिली काच त्यांनी एवढी उंच बसवली की समोरून येणाऱ्याला वाटावं, हा माणूस दवाखान्याच्या चिठ्ठीच्या खिडकीत बसूनच प्रवास करतोय. तिच्या मागं वारा लागत नव्हता, पण सूर्य मावळतीला गेला की रस्ताही दिसत नव्हता. लोह्याजवळ ते एका म्हशीला भिडता भिडता वाचले. मग त्यांनी ती चार बोटं कापली. वारा कपाळावर आला. आणखी कापली, वारा कानावर आला. आणखी कापली असती तर गळ्यावर आला असता, पण काचेला कडेनं तडा गेला आणि प्रयोग थांबला.

दुसऱ्या काचेला त्यांनी वरच्या कडेवर सायकलच्या मडगार्डचा तुकडा उलटा बसवला, वाऱ्याला वरच्या वर उडवून लावायला. तिसरीला खालून भोकं पाडली, कारण काचेच्या मागं जागा रिकामी राहते म्हणून वारा तिथं आत ओढला जातो, असं त्यांना एका रात्रीत सुचलं होतं. भोकांमुळं थोडा फरक पडला म्हणे, पण त्यातून पाऊस आत येऊन पँट अशा ठिकाणी भिजायची की शाळेत सांगता येत नसे. मग त्यांनी सीटवर उशी बांधली आणि डोकंच वाऱ्याच्या वर काढून बघितलं. ते उंटावर बसल्यासारखे दिसायला लागले. आमच्या गल्लीतला मिस्त्री रफिकभाई त्यांची गाडी वळणावर दिसली की कुठल्याही गाडीखाली जाऊन आडवा व्हायचा आणि पोराकडून सांगवायचा, अब्बा न्हाईत.

शेवटी आली लोकर. कमलच्या स्वेटरमधून उरलेली लाल लोकर मागून घेऊन त्यांनी तिचे बोटभर धागे कापले आणि काचेवर, आरशांवर, कानटोपीवर चिकटवले. धागा सरळ मागं उडाला तर वारा शहाणा. धागा गरगरला तर वारा मारका. कल्पना खरंच चांगली होती. पण लाल धाग्यांनी नटलेला तो माणूस गावात शिरला की लोक रस्ता देत. पोळ्याचा बैल चुकून वेगळ्या महिन्यात निघाला असं वाटे.

या सगळ्यावर कमलचा एकच उपाय होता. व्यंकटराव निघाले की ती फाटकाशी यायची आणि दरवेळी तेच म्हणायची, "व्यंकटराव, हळू चालवा." हळू चालवली की वारा लागत नाही, हे तिला काच न कापता कळलं होतं. व्यंकटरावांना ते पटायचं नाही. हळूच चालवायची तर मोटारसायकल कामून घ्यायची आक्का, बैलगाडी काय वाईट, असं ते म्हणायचे आणि किक मारायचे. पुढचं तिचं बोलणं त्यांना ऐकू जायचं नाही. ते मान हलवून म्हणायचे, "हाव, हाव."

आता या शब्दाबद्दल थोडं सांगायला पाहिजे. पुण्याकडच्या माणसाला हाव म्हणजे लोभ. आमच्याकडं हाव म्हणजे हो. मराठवाड्यातला माणूस दिवसातून जितक्या वेळा हाव म्हणतो, तितका लोभी असता तर आमच्याकडं एवढं दारिद्र्य राहिलंच नसतं. व्यंकटराव गाडीवर बसले की त्यांच्या तोंडात हा एकच शब्द उरायचा. मागून काय बोललं जातंय ते वाऱ्यात कळायचं नाही आणि पुन्हा पुन्हा विचारायला ते भिडस्त. म्हणून हाव. एकदा त्यांच्या मागं कमल बसली होती. मार्केट मागं पडलं, थांबवा, असं ती ओरडली. हाव म्हणून त्यांनी तिला औशापर्यंत नेलं. एकदा त्यांचे मुख्याध्यापक मागं बसले आणि उतरल्यावर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून शाळा चालते. व्यंकटराव खूश झाले. दुसऱ्या दिवशी कळलं की उन्हाळ्याच्या सुटीत शाळेच्या सगळ्या भिंती रंगवायला ते हाव म्हणून बसले आहेत. सगळी सुटी ते शिडीवर होते.

"काही खरं न्हाई भाऊ," असं ते शिडीवरूनच मला म्हणाले होते.

शुभांगी दहावीला चांगल्या मार्कांनी निघाली आणि व्यंकटरावांनी सांगून टाकलं, पोरगी डॉक्टर होणार. तिला विचारलं का, असं मी म्हटलं. ते म्हणाले, त्यात विचारायचं काय. त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही. त्या वर्षांत आमच्या लातुरात कुणी कुणाला विचारतच नव्हतं. डाळीच्या गिरण्यांचं गाव बघता बघता क्लासचं गाव झालं होतं. मी एका दाल मिलमध्ये मुनीम. आमच्या मालकानंही गोदामाच्या वरचा मजला क्लासला दिला होता. खाली तूर भरडायची, वर पोरं. जिन्याजिन्यावर चपलांचे ढीग आणि विजेच्या खांबाखांबावर नंबरात आलेल्यांचे फोटो. भूकंपानंतर या भागात लोक मदत घेऊन यायचे, आता पोरं घेऊन यायला लागले. आणि ती पोरं पहाटे पाठीवर दप्तरं घेऊन अंधारात रस्त्यानं चालायची. हसणारं एक तोंड दिसायचं नाही. हसणारे होते ते सगळे खांबावर.

शुभांगी आमच्याकडंच राहायला आली. पोरगी गोड. आईसारखीच थोडं बोलणारी आणि एकदा बोललेलं दुसऱ्यांदा न बोलणारी. व्यंकटराव दर रविवारी यायचे, तिला मागं बसवायचे आणि औसा रोडला रस प्यायला न्यायचे. ती तास-दीड तासाची फेरी म्हणजे दोघांची भेट. घरात समोरासमोर बसले की त्या बापलेकींना बोलता येत नसे. अभ्यास कसा, बरा. जेवण कसं, बरं. संपलं. पण गाडीवर तोंडं एका दिशेला असतात आणि मागं बसणाऱ्याचं तोंड कुणी बघत नाही. म्हणून ती जे काही बोलायची ते गाडीवर, त्यांच्या पाठीशी बोलायची. नेमकं तेच ऐकू येत नसे. तिलाही त्यांनी प्रयोगात घेतलं होतं. मागून हात वर करायचा, बोटांना वारा कुठं थंड पडतो ते सांगायचं. ती सांगायची. ते म्हणायचे, हाव.

क्लासच्या पालक सभेला आम्ही दोघे गेलो. बाकीचे आईबाप टेस्टचे मार्क, निगेटिव्ह मार्किंग, जागा किती, असलं विचारत होते. व्यंकटराव उभे राहिले. भौतिकशास्त्राच्या सरांना त्यांनी विचारलं, की काचेनं अडवलेला वारा काचेच्या मागं येऊन कामून मारतो आणि तो बंद कसा करायचा. सर तरुण होते. ते थोडा वेळ खडूकडं बघत राहिले आणि म्हणाले, "हे सिलॅबसमध्ये नाही."

सगळे हसले. मीही हसलो. शुभांगी खाली मान घालून बसली होती. परत येताना मी जरा चिडूनच म्हणालो, की व्यंकटराव, एवढी बेजारी कशासाठी, बसनं येत चला. ते म्हणाले, बसमधी बापलेक बोलत नसतात. मग कान चोळत म्हणाले, "पोरीचं ऐकू यायला पाहिजे भाऊ. बाकी कान फुटला तरी चालंल." मला वाटलं, माणूस हट्टाला पेटलाय. हट्टाच्या मागं काय आहे ते विचारायचं मला सुचलं नाही.

दिवाळीला ती नांदेडला गेली आणि भाऊबीज झाल्यावर व्यंकटरावांनीच तिला गाडीवर आणून सोडलं. त्या खेपेला पोरगी फार आनंदात होती. येऊन कमलला मदत केली, रफिकभाईच्या मुलीच्या हातावर मेंदी काढली. कमल म्हणाली, रुळली बाई एकदाची. पुढचे दोन महिने बरे गेले. अभ्यास फारसा दिसत नव्हता, पण जेवत होती, झोपत होती. संक्रांतीला व्यंकटराव तिळाचे लाडू आणि चौथी काच घेऊन आले. शुभांगी सकाळपासून न्हाऊन, नवा ड्रेस घालून पुढच्या खोलीत बसली होती. जवळ फुगलेली बॅग. मी समजलो धुण्याचे कपडे असतील. व्यंकटरावांनी लाडू दिला, गोड बोल म्हणाले, नवी काच कशी तिरकी बसवलीय ते मला दोनदा दाखवलं, आणि चहा पिऊन निघून गेले. शुभांगी त्या बॅगशेजारी तशीच बसून राहिली. मग उठून आत गेली.

तिथून पोरगी मिटली. डबा भरलेला परत यायचा. पुस्तक उघडं आणि नजर भिंतीवर. रविवारी बाप आला की पोट दुखतं म्हणायची आणि गाडीवर बसायची नाही. टेस्टचे मार्क इतके घसरले की क्लासमधून फोन आला. आम्ही दोघं नवराबायको हबकून गेलो होतो. दुसऱ्याची पोर, त्यात आई नसलेली, त्यात सुमनची. त्या वर्षांत क्लासच्या पोरांबद्दल गावात कानावर यायचं ते चांगलं यायचं नाही. कमल न सांगता तिच्या खोलीत झोपायला लागली.

एका दुपारी क्लास बुडवून ती गच्चीच्या जिन्यावर बसलेली कमलला सापडली. कमलनं काही विचारलं नाही, नुसती शेजारी बसली. मग पोर म्हणाली, "मावशी, अण्णांनी मला फसवलं."

झालं होतं ते असं. दिवाळीहून येताना लोह्याच्या पुढं तिनं धीर करून बापाच्या पाठीला सांगितलं होतं. मला हे जमत नाही. मी जागेपणी मेल्यासारखी होते. संक्रांतीला मला कायमची घरी न्या, मी तिथं काहीही शिकेन. आणि अण्णा हाव म्हणाले होते. एकदा नाही, दोनदा. संक्रांतीपर्यंत तिनं तेवढ्या एका शब्दावर दिवस काढले.

हे व्यंकटरावांना सांगायचं माझ्यावर आलं. रविवारी ते आले, कान चोळले, काही खरं न्हाई म्हणाले आणि पाना घेऊन काचेचा कोन बदलायला खाली बसले. मी त्यांच्या शेजारी उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. सांगताना मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं, म्हणून मी काचेवरच्या लाल धाग्यांकडं बघत होतो.

त्यांनी पाना खाली ठेवला. "दुसरी बारी हाय ही, भाऊ," ते म्हणाले.

मग जे ते इतक्या वर्षांत कधी बोलले नव्हते, ते बोलले. गणपती उठायच्या दिवशी त्यांनी सुमनला माहेरी सोडलं होतं. जुनी फटफटी, काच नाही, आणि औशाच्या पुढं माळावर समोरून वारा. सुमन मागून त्यांच्या खांद्याला हनुवटी लावून काहीतरी म्हणाली. त्यांना कळलं नाही. ते हाव म्हणाले. तिनं खूश होऊन पाठीवर थाप मारली. दारात उतरल्यावर त्यांनी विचारलं, काय म्हणत होतीस. ती हसली आणि म्हणाली, "तुम्ही हाव म्हणलात न्हवं? मग झालं." दुसऱ्या दिवशी शाळा होती, म्हणून चहा घेऊन ते तसेच परत फिरले. पुढची पहाट भूकंपाची होती.

"म्या कशाला हाव म्हणलो, मला म्हाईत न्हाई," व्यंकटराव म्हणाले.

म्हणून त्यांनी बायका जे जे मागतात ते ते करून बघितलं होतं. तंबाखू सोडली. दुसरं लग्न केलं नाही, न जाणो तिनं तेच मागितलं असलं तर. उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा बांधला, ज्या घरात त्यावर उभी राहायला बाईच नव्हती. एका वर्षी तिरुपतीला जाऊन केस देऊन आले. आणि पोरीला डॉक्टर करायचं तेही त्यातलंच. सुमन तिला कडेवर घेऊन कधी तरी माझी डॉक्टरीण म्हणायची, तेवढ्या आधारावर. मी ऐकत होतो आणि मला रडू येत होतं. शाळेच्या भिंती रंगवण्याची गोष्ट मी किती जणांना रंगवून सांगितली होती. या माणसानं सगळं आयुष्य तसंच रंगवत काढलं होतं आणि काम कुणी सांगितलंय ते त्याला ठाऊक नव्हतं.

मागं बघितलं तर दारात शुभांगी उभी होती. कमल तिच्या मागं. दोघींनी सगळं ऐकलं होतं.

व्यंकटराव उठले. पोरीपुढं जाऊन उभे राहिले, पण तिच्या तोंडाकडं बघण्याची त्यांना सवय नव्हती, म्हणून जरा तिच्या खांद्याकडं बघत म्हणाले, "दिवाळीला काय म्हणलीस, ते परत म्हण."

"एकदा सांगितलं मी."

"तवा वारा होता. आता न्हाई."

ती उंबऱ्यावरून खाली उतरली. मग तिनं ते सगळं पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द, शाळेत कविता म्हणून दाखवतात तसं. व्यंकटराव मध्ये एकदाही हाव म्हणाले नाहीत. तिचं संपल्यावर त्यांनी आणखी एकदा सांगायला लावलं. आणि मग तो शब्द म्हणाले.

ती रडली. तेही रडले. रडता रडता पोरगी एकदम म्हणाली, "अण्णा, आई म्हणली असंल, हळू चालवा."

व्यंकटराव थबकले. मग त्यांनी मान हलवली. एवढ्यासाठी कुणी थाप मारतं का पोरी, म्हणाले. तिनं काहीतरी मोठं मागितलं होतं, आणि मोठं म्हणजे डॉक्टरकी, ती तर आता गेली. तिला दिलेला शब्द मोडला. त्यांचा चेहरा इतका पडला होता की मला वाटलं, हा माणूस पोरीला घरी नेतोय खरा, पण स्वतः कुठल्याच घरी जाणार नाही. मी काही समजूत घालायला गेलो आणि माझ्या तोंडून तेच निघालं, काही खरं न्हाई. दुसरं काही मला येतच नव्हतं.

दुपारची जेवणं उरकून दोघं निघाली. बॅग टाकीवर बांधली, पुस्तकं आमच्याकडंच राहिली. पोस्टमास्तर बाहेर येऊन बघत होते. खांबावरचे फोटो हसत होते. नापास झालेली नाही, पळालेली नाही, तरी अशी पोरगी गावातून घेऊन जाताना बापाला खाली मान घालावी लागते, तशी व्यंकटरावांनी घातली होती. त्यांनी किक मारली. कमल नेहमीसारखी फाटकाशी आली. डोळे पुसत होती, तरी सवयीनं तिच्या तोंडातून गेलंच, आणि ते इंजिनच्या आवाजात बुडालं.

व्यंकटरावांची मान हाव म्हणायला हलली. अर्ध्यावर थांबली. त्यांनी इंजिन बंद केलं आणि मागं वळून विचारलं, "काय म्हणलात, आक्का?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं होतं. कमलला काही कळेना. ती म्हणाली, "काही न्हाई. हळू चालवा म्हणलं."

दोघी बहिणींचा आवाज फार सारखा होता. लग्नाच्या आधी मीही एकदा दाराबाहेरून फसलो होतो. गल्लीत वारा नव्हता, आवाज स्वच्छ गेला. व्यंकटराव कमलकडं बघत राहिले. शुभांगीनं मागून त्यांच्या खांद्याला हनुवटी लावली.

"हाव," व्यंकटराव म्हणाले.

त्यांना ते पटलं की नाही, मला माहीत नाही. पुढंही आम्ही कधी विचारलं नाही. त्यांनी गाडी सुरू केली आणि पहिल्या गिअरमध्येच गल्लीच्या टोकापर्यंत नेली. एक भाजीवाली डोक्यावर पाटी घेऊन त्यांच्या पुढं निघून गेली. वळणावरून मोठ्या रस्त्याला लागल्यावरही ते तसेच चालले होते, मागचे ट्रक हॉर्न देऊन देऊन थकत होते. मी तिथपर्यंत जाऊन बघितलं. काचेवरचे लाल धागे जागचे हलत नव्हते.